जमादारानं आणलेल्या अस्थी

गावाच्या वेशीवर कमान उभी राहायलीय. सिमेंटची. तिच्यावर जमादाराचं नाव येणार, नावाच्या आधी 'शूर युद्धकैदी' असं लिहिणार आणि दोन्ही बाजूला बंदुका काढणार म्हणे. माझं काही म्हणणं नाही. दोनच्या जागी चार बंदुका काढा, सिमेंट तुमचं आहे. जमादाराला जाऊन लय वर्षं झाली आणि नातवंडांना हौस आहे. पण कमिटीची माणसं माझ्याकडं आली. म्हणाली, "आबा, जमादाराला त्या काळात पाहिलेलं आता तुमीच उरलाव. दोन शब्द लिहून द्या." दोन शब्दांत ते बसत नाही, म्हणून जरा जास्त लिहितो.

माझं शिक्षण निजामाच्या शाळेत चार यत्ता, तेही उर्दूत. मराठी अक्षर मी पोथीवर बोट फिरवत शिकलो, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ पाहू नका. खरं तर हे आमच्या घरचीनं सांगायला पाहिजे होतं, गोष्ट जमादाराइतकीच तिच्या सख्ख्या भावाची. ती सांगायला बसली की ऐकणारा जागचा हलत नसे. पण ती चैतात गेली. जाताना सगळ्या गोष्टी घेऊन गेली आणि मला फक्त चुलीपाशी चहा कुठं ठेवलाय एवढं सांगून गेली. आता घरात मी आणि मांजर. मांजराला लढाईत रस नाही.

तर माझी सासुरवाडी गावातच, दोन गल्ल्या सोडून. गाव सोनपेठेच्या अलीकडं, गंगेच्या काठापासून कोसभर. गंगा म्हणजे आमची गोदावरी, दुसरी आम्हाला ठाऊक नाही. मेहुणा माझ्या बायकोपेक्षा धाकटा, नुकतं लग्न झालेला, उंच, आणि कामापेक्षा मिशीकडं जास्त लक्ष देणारा. एका बाजाराच्या दिवशी गंगाखेडला निजामाच्या फौजेत भरती चालू होती. भरती झालेल्याला तिथल्या तिथं बूट मिळत होते. मेहुण्यानं बूट पायात घालून पाहिले. ते बसले. एवढ्यावर तो शिपाई झाला. घरी येऊन मायला म्हणाला, "माय, काढायची बघ, पण निघंनात." पुढं लढाई पेटली. निजामानं आपली पलटण इंग्रजाला दिली, इंग्रजानं ती जहाजात भरून सिंगापूरला नेली, आणि तिथं जपान्यानं सगळ्यांनाच एका दोरीत बांधलं. ही खबर आम्हाला परभणीच्या एका वकिलाच्या कारकुनाकडून कळली. त्यानंतर काही नाही. मेहुण्याचं कार्ड नाही, निरोप नाही, नाव नाही.

तो जिवंत आहे का मेला, एवढाच त्या घराचा सवाल होता. सासू रोज वेशीकडं पाहायची आणि सून रोज सकाळी कुंकू लावताना सासूकडं पाहायची. 

मग जमादार आला.

जमादार आमच्या गावचाच. तोही फौजेत गेला होता, हे खरं आहे, ते मी नाकारत नाही. लढाई अजून चालूच होती, आणि हा खाकी कोट घालून, एक पाय ओढत वेशीतून आला. जमादार ही पदवी त्याला कुणी दिली ते ठाऊक नाही. बहुतेक वाटेत कुठंतरी एकटाच असताना मिळाली असावी. पारावर बसून त्यानं सांगितलं, की आपण सिंगापुरात जपान्याच्या कैदेत होतो आणि रातोरात समुद्र पोहून निसटलो.

आता तुम्ही हसाल. पण आमच्यात समुद्र कुणी पाहिलेला होता? आमच्याकडं पाण्याचं माप म्हणजे गंगेचा पूर. आणि जमादार लहानपणापासून पुरात उडी टाकून पलीकडच्या थडीला लागणारा, ते सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. म्हातारी माणसं म्हणाली, "त्याला काय अवघड. थोडा जास्त वेळ लागला आसंल." 

कैदेतल्या हालाचं तर असं सांगायचा, की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. "जपान्या लय बेइमान. सकाळी अर्धी भाकर, सांजच्याला अर्धी भाकर. वर कोरड्यास न्हाई, कांदा न्हाई. कोरडी भाकर, आन् ती बी पापुद्रा न सुटलेली." हे ऐकून गाव हळहळायचं. आमच्याकडं उपास म्हणजे अर्धी भाकर. जिथं ज्वारीच नाही असा मुलूख जगात असेल, हे सांगणाऱ्याच्या डोक्यात आलं नाही आणि ऐकणाऱ्याच्याही नाही. पापुद्र्याचं तर आमच्या बायकांना इतकं लागलं, की दोघीतिघींनी त्याला घरी बोलावून टम्म फुगलेल्या भाकरी खाऊ घातल्या. जमादाराची तब्येत दिसामाजी सुधारायलागली. पाय मात्र ओढायचा तो ओढायचाच. कधी डावा, कधी उजवा.

पाटलानं त्याला चावडीवर आपल्या शेजारी बसायला घोंगडी टाकली. दसऱ्याला वेस ओलांडून सोनं लुटायला जायचो, तेव्हा आपट्याचं पहिलं पान पाटलाच्या भावाला मिळायचं, ते आता जमादाराला मिळायलागलं. पाटलाचा भाऊ त्यावरून महिनाभर बोलला नाही. 

एवढ्यावर भागलं असतं तर मी आज गप्प बसलो असतो. खोट्यानं कुणाचं पोट भरत असेल तर भरू द्यावं. पण सासू एक दिवस मारुतीपाशी त्याला आडवी आली.

"बाबा, तुमच्या कैदेत माझा लेक दिसला का रं?"

आता जमादाराची पंचाईत पाहा. न्हाई दिसला म्हणावं, तर एवढ्या मोठ्या परदेशात आपल्याच गल्लीतला माणूस ह्याला दिसला नाही, मग हा होता कुठं? दिसला, जिवंत आहे म्हणावं, तर म्हातारी रोज उठून विचारणार, मग त्याला मागं टाकून का आलास? मेलेला माणूस सगळ्यात सोयीचा. तो उलट बोलत नाही.

"माझ्या मांडीवर गेला, माय," जमादार म्हणाला. "शेवटचं पाणी मी पाजलं. तुझंच नाव व्हतं तोंडात."

म्हातारी तिथंच बसली. तिला उचलून मी घरी आणलं.

पुढं जोशीबुवा म्हणाले, देह नाही तर दर्भाचा पुतळा करावा लागतो, अस्थी असत्या तर बरं झालं असतं. जमादार पुढं होऊन म्हणाला, "आणल्यात की. तुमचं काळीज फाटंल म्हणून दावल्या न्हाईत." आणि दुसऱ्या दिवशी खाकी कापडाची एक पुरचुंडी घेऊन आला. समुद्र पोहताना ती कुठं धरली होती, हे कुणी विचारलं नाही. दातात धरली असेल.

आमच्या घरचीनं ती पुरचुंडी सोडून पाहिली. सगळ्यांसमोर. एक हाड उचलून म्हणाली, "हे माझ्या भावाचं न्हाई. त्याची हाडं बारीक हायेत. हे तर बकऱ्याच्या तंगडीवानी दिसायलंय."

जमादार खाली पाहून म्हणाला, "कवायतीनं हाडं जाड व्हतात, बाई."

जोशीबुवांनी मान हलवली. त्यांनीही कवायत केलेली नव्हती, पण मान हलवायला काय लागतं. त्याच दुपारी मेहुण्याच्या बायकोच्या बांगड्या फोडल्या. ती रडली नाही. पुसलेल्या कपाळावर हात फिरवत बसली, जसं काही तिथं काय होतं ते हाताला तरी आठवेल.

दहाव्याला आम्ही गंगाखेडला गेलो. अस्थी गंगेत सोडल्या. ज्या कुणाच्या होत्या त्याला सद्गती मिळाली असेल, बकऱ्याच्या जातीला असा मान कुठं मिळतो. मग घाटावर पिंड ठेवला आणि सगळे मागं सरून कावळ्याची वाट पाहायला लागलो. मेलेल्याची काही इच्छा राहिली असली की कावळा शिवत नाही, मग नातलगांनी पुढं होऊन शब्द द्यायचा असतो.

घाटावर कावळे चिक्कार होते. शेजारच्या पिंडाला तर नुसती झुंबड. आमच्याकडं एक यायचा, मान वाकडी करून पाहायचा आणि जायचा. 

सासू हात जोडून म्हणाली, "बाबा, तुझ्या बायकोला मी लेकीवानी सांभाळीन." कावळा नाही. 

चुलत सासरे म्हणाले, "बांधाचं भांडण मी सोडलं रं." ते भांडण आमच्या लग्नाच्या आधीपासूनचं. तरी कावळा नाही. 

मी म्हणालो, "तुझ्या बहिणीला मी वरडून बोलणार न्हाई." घरची हळूच म्हणाली, "ह्याच्यावर कोण इस्वास ठेवील." 

शेवटी जमादार पाय ओढत पुढं झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "दोस्ता, तुझी बहादुरी मी साऱ्या जिल्ह्यात सांगीन." त्याबरोबर घाटावर जेवढे कावळे होते ते सगळे उडाले. शेजारच्या पिंडावरचेसुद्धा. शेजारची माणसं आमच्यावर चिडली.

ऊन डोक्यावर आलं. जोशीबुवांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला लावला. झालं, मेहुणा मेला. आमच्या घरचीनं मात्र पाण्याकडं तोंड केलं आणि म्हणाली, "कावळ्यांना कळलंय. तुमालाच कळंना."

तिनं भावाचं सुतक पाळलं नाही. भाऊबीजेला ज्यांना भाऊ नाही त्या बाया चंद्राला ओवाळतात. ही रिकामा पाट मांडायची आणि पाटाला ओवाळायची. गावातल्या बाया म्हणाल्या, डोक्यावर परिणाम झाला. मलाही तसं वाटायचं. पण ओवाळून झालं की ती पाटाशी बोलायची, "बूट काढून बस," म्हणायची, आणि ते ऐकून मला हसूही यायचं आणि बाहेरही जावं लागायचं.

जपान्याची लढाई संपली. मग आणखी काही महिने गेले. ज्वारी काढणीला आलेली. दुपारी मी शेतातून येताना वेशीबाहेरच्या मारुतीपाशी एक माणूस बसलेला पाहिला. अंगावर सैल सदरा, पायात काही नाही, मान कोंबड्यासारखी. मला वाटलं, कुणी गोसावी असेल.

"दाजी," तो म्हणाला, "वळखलं न्हाई का?"

आवाज तोच होता. बाकीचं काही शिल्लक नव्हतं, मिशीसुद्धा. मी त्याला हात लावून पाहिला. गरम होता.

मी त्याला घेऊन वेशीत शिरणार, तर वेसकरानं काठी आडवी केली. त्याचा काही दोष नाही, बिचारा माझ्याइतकाच घाबरला होता. "दाजी, ह्यांचं दहावं झालंय. पाटलाला इचारल्याबिगर कसं सोडू?" घटकाभरात सगळं गाव वेशीबाहेर. सासू आली आणि दहा हातांवर थांबली. तिला कुणीतरी धरून ठेवलं होतं, मेलेल्या माणसाला शिवायचं नसतं. सून तर भिंतीआड उभी. आणि मधे पाटील, पाटलाशेजारी जमादार.

जमादारानं एकदा पाहिलं, त्याचा चेहरा राखेसारखा झाला, पण माणूस तयारीचा. म्हणाला, "ह्या हातानं मी त्याला जाळलंय. हा कोणी बहुरूपी हाय. लढाईनंतर असले लय फिरायलेत, मेलेल्याच्या घरात घुसतात, बायको न् वावर ताब्यात घेतात."

गावात कुजबुज झाली. पाटील अडचणीत. इतकी वर्षं शेजारी बसवलेला माणूस खोटा ठरला तर घोंगडीवर डाग पडणार. आणि मेहुणा काही बोलेचना. नुसता आईकडं पाहत बसला. मला त्याचा राग आला. अरे, तुझ्या जिवंतपणाचा निकाल लागायलाय, काहीतरी बोल.

आमच्या घरचीनं लोकांना ढकलत वाट काढली. कुणाला न जुमानता त्याच्यापुढं गेली आणि पदरातून भाकर काढून त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली, नाकाशी नेली, आणि खाईना. नुसता वास घेत राहिला.

"खा की रं," ती म्हणाली.

"खातो आक्का. जरा थांब. गेलो तवापून ज्वारी पाह्यली न्हाई."

पाटलानं कान टवकारले. "म्हंजे? कैदेत भाकर अर्धी तर मिळायची ना?"

"कशाची भाकर, पाटील? त्या मुलखात ज्वारी न्हाई. भात. त्यो बी पाण्यात हात घालून हुडकायचा."

सगळ्या माना जमादाराकडं वळल्या.

"तुमच्या बराकीत नसंल," जमादार म्हणाला. "आमच्या बराकीत व्हती."

"पीठ कुठून यायचं?" मेहुण्यानं विचारलं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, इतक्या गरिबीनं विचारलं.

"दळायचो आमी."

"आन् ज्वारी?"

"जपान्याच्या वावरात व्हायची."

तेव्हा मागून एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तोंड घातलं. हा आयुष्यभर ज्वारीशिवाय दुसरं बोलला नाही. "मग हुरड्याला कवा यायची तिकडं, जमादार? आपल्या आधी का मागून?"

जमादारानं भार दुसऱ्या पायावर टाकला. "हुरड्याच्या दिवसांत आमाला कोंडून ठेवायचे," तो म्हणाला.

पहिल्यांदा बाया हसल्या. मग पाटलाचा भाऊ हसला, तो तर खाली बसून हसला, त्याचं आपट्याचं पान अजून अडकलेलं होतं. त्या हसण्यात सासूला धरणाऱ्यांचे हात ढिले पडले, आणि ती सुटून लेकाच्या गळ्यात पडली. मग कुणी तिला सोडवायला गेलं नाही. जमादार म्हणाला, "धुरात तोंडं सारखीच दिसतात. माझीच चूक झाली आसंल." पाटलानं ते लगेच मान्य केलं. पाटलाला मान्य करायला काहीतरी पाहिजेच होतं.

पण जोशीबुवा अडले. माणूस तोच आहे, कबूल. पण क्रिया झाली म्हणजे झाली. मेलेला तसाच घरात घेता येत नाही आणि त्याच्या बायकोला कुंकू लावता येत नाही. त्यानं पुन्हा जन्म घेतला पाहिजे. पुन्हा बारसं, पुन्हा लग्न.

मेहुणा म्हणाला, "करा. तिथं ह्याच्याहून अवघड करून घेतलंय."

तर गुऱ्हाळावरून गुळाची काहील आणली. तीत पाणी भरलं, तूप सोडलं, आणि त्या बाप्याला गुडघे पोटाशी घेऊन तीत बसवलं. तो त्यात सहज मावला. बरगड्या मोजता येत होत्या आणि पाठीवर जुने वळ होते. सासूनं त्याला बाळासारखं न्हाऊ घातलं. मग लिंबाच्या झाडाला लुगड्याची झोळी बांधून तीत बसवला, पाय बाहेर. बायांनी पाळणा म्हटला. नाव आत्यानं ठेवायचं असतं, आत्या कधीच वारलेली, म्हणून मान आमच्या घरचीला. ती वाकून त्याच्या कानात कुर्र करून काहीतरी बोलली, आणि रिवाजाप्रमाणे बायांनी तिच्या पाठीत धपाधप बुक्क्या घातल्या. सगळ्यात जोरात तिच्या भावजयीनं घातल्या, एवढ्या दिवसांचं साचलेलं सगळं त्यात होतं. नाव जुनंच ठेवलं. पण कानात काय बोलली ते मेहुण्यानं मला पुढं सांगितलं. म्हणाली होती, "परत बूट घातलेस तर तंगडी मोडीन."

मग तिथंच अंतरपाट धरला. हळद न् कुंकू भावजयीच्या कपाळावर बसलं. सासूनं जन्मलेल्या लेकाचं आणि नव्या सुनेचं लिंबलोण उतरवून दोघांना उंबऱ्याआत घेतलं. 

त्याच अंगणात पंगत बसली. त्या पंगतीतला आता मी एकटाच राहिलोय, म्हणून तर कमानीवर काहीही लिहिता येतं. पाटील होता, जोशीबुवा वेगळ्या पाटावर, आणि पाटलानं झाकपाक करायची म्हणून जमादारालाही आणून बसवलं होतं, मेहुण्याच्या बरोबर समोर. पुरणाचा बेत होता, पण मेहुण्यानं आधी भाकर मागितली, तेव्हा सगळ्या पानांवर आधी भाकर.

मेहुण्यानं खायला हात लावला नाही. भाकरीचा एकेक तुकडा मोडून पानाबाहेर ओळीनं ठेवायला लागला.

"हे काय करायलास?" मी विचारलं.

"घास काढायलोय, दाजी. हा पाथरीच्याचा. रुळाचा रस्ता करताना पटकीनं गेला. हा पठाणाचा, माझ्या शेजारी झोपायचा, रोज बायकोचं सांगायचा. हा वाजंत्र्याचा. हा कोण कुठला ठाऊक न्हाई, नाव सांगायच्या आधीच गेला."

जोशीबुवा खाकरले. पठाणाचा घास ब्राह्मणासमोर, तेही दिवस कसले होते.

"तिथं जोशी नव्हता, महाराज," मेहुणा म्हणाला, "म्हणून इथं काढायलोय. समद्यांना आमी एकाच बांबूच्या ढिगावर जाळायचो. पावसात धड जळायचे बी न्हाईत. कोणाचं हाड कोणाचं ते कळलं आसतं, तर मी वझं भरून आणलं आसतं."

त्याची ओळ वाढत चालली. एक भाकर संपली, दुसरी घेतली. पंगतीत कुणी जेवेना. आमच्या घरची वाढत वाढत जमादारापाशी आली आणि थांबली. हातात भाकरींची टोपली. मला वाटलं, आता ही बकऱ्याच्या तंगडीचा उद्धार करणार. तिच्या तोंडाचा पट्टा मला माहीत.

पण ती शांतपणे म्हणाली, "जमादार, तुमी बी काढा की. तुमच्या बाजूचे कोण गेले?"

जमादारानं पानाकडं पाहिलं. भाकर मोडली, तुकडा हातात धरला. कुणाचं नाव घ्यावं? एक तरी खोटं नाव त्याला सहज सुचलं असतं, त्याच्याइतकं कुणाला सुचत होतं? पण समोर ती ओळ होती. त्याचा हात तसाच हवेत राहिला.

"माझं एक खेचर मेलं व्हतं," तो शेवटी म्हणाला. "औरंगाबादच्या छावणीत. मी तितंच व्हतो. खेचरांच्या तबेल्यात. लय गुणाचं व्हतं, हाक मारली की यायचं. जहाजावर चढवायच्या आधीच पोट फुगून गेलं."

पाटलानं डोळे मिटून घेतले. पाटलाच्या भावानं हसायला तोंड उघडलं होतं, ते तसंच बंद केलं.

मेहुणा म्हणाला, "मग काढा की त्याचा. लढाईच्याच कामाला लागलं व्हतं ते बी."

जमादारानं तो तुकडा पानाबाहेर ठेवला. आमच्या घरचीनं त्याच्या पानावर आणखी एक भाकर टाकली, मधोमध पापुद्रा सुटलेली, आणि पुढच्या पानाकडं गेली.